डांबर फासलेल्या मेढी

घार दिसायच्या आधी तिची सावली दिसायची. चैत्रातल्या भर दुपारी परसातली सारवलेली जमीन उन्हानं पांढरीफटक पडलेली असायची, आणि त्या जमिनीवरून हातभर लांबीचा एक काळा तुकडा कसलाही आवाज न करता सरकत यायचा — न्हाणीच्या दगडावरून, पेरूच्या आळ्यावरून, वाळत घातलेल्या मिरच्यांवरून… कोंबडी मान तिरकी करून एका डोळ्यानं वर बघायची, घशातल्या घशात एक लांब, घोगरा सूर काढायची, आणि क्षणापूर्वी परसभर सांडलेली पिल्लं तिच्या पंखांखाली गडप व्हायची. एखादं मात्र मागं राहायचंच. पेरूखालचा किडा टिपण्यात गुंग झालेलं, जरा आगाऊ असं एक पिल्लू प्रत्येक उबवणीत असायचं. सावली त्याच्यावर येऊन थांबायची, वाऱ्याचा एक सपकारा, आणि मग परसात नुसती धूळ. आई हातात लाटणं घेऊन धावत बाहेर यायची आणि आभाळाकडे बघून घारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

संध्याकाळी वडील ड्यूटीवरून आले की ती सांगायची, "आजबी एक नेलं बघा घारीनं."

आणि वडील, म्हणजे आमचे आप्पा, पायावर पाणी घेता घेता विचारायचे, "घारीनंच नेलं कशावरून?"

आप्पा दौंड स्टेशनात सांधेवाले होते. सांधेवाला, म्हणजे पॉइंट्समन. गाडी कोणत्या रुळावरून जायची ते सांधा बदलून ठरवणारा माणूस. लिव्हर ओढली म्हणून रूळ सरकलाच असं समजायचं नसतं, जाऊन डोळ्यांनी बघायचं असतं, असं ते म्हणायचे. आणि ही शिस्त त्यांनी नोकरीत ठेवली असती तर आमची काही तक्रार नव्हती, पण ती त्यांनी घरात आणली होती. दुधात पाणी, रॉकेलात पाणी, वाण्याच्या तराजूखाली चिंच, मेथीच्या जुडीत गवत… दाराची कडी लावली की एकदा ओढून बघायची, चार पावलं जायचं, परत येऊन पुन्हा ओढायची. आईला तर ते दिवसभराचं सगळं विचारायचे. कोण आलं होतं, काय म्हणालं, आणि म्हणालं त्याच्या मागं काय असेल. आईही चुलीपुढून फणकाऱ्यानं उत्तरं द्यायची, "आवं, हळद मागाया आली व्हती, फौजदारी कराया न्हाई!" आप्पांचं जेवण होईपर्यंत हा सवालजवाब चालायचा. सगळ्यांच्या घरी नवरा-बायको असंच बोलत असतील, असं मला तेव्हा वाटायचं.

आमच्या क्वार्टरच्या मागं तारेचं कुंपण, कुंपणापलीकडं यार्ड. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, रेशनवरचा तांबडा, परदेशी मिलो खाऊन खाऊन कंटाळलेली तोंडं पुन्हा ज्वारीच्या भाकरीला लागली होती, आणि इंजिनं अजून वाफेचीच होती. दिवसभर कोळशाच्या धुराचा, तापलेल्या खडीचा, वंगणाचा आणि ओल्या वाफेचा एक मिसळलेला वास कॉलनीवर तरंगत असायचा. वाळत टाकलेल्या कुरडयांवर काळी कीट बसायची, आणि अंगावरचं झंपर दुसऱ्यांदा घालायची सोय नसायची. पण संध्याकाळ झाली की घराघरातून शेगड्या पेटायच्या, आणि प्रत्येक शेगडीत निळसर ज्योतीचा, टणक, चकाकता कोळसा असायचा. तो कुठून यायचा हे कुणी कुणाला विचारत नसे. आमच्या घरी मात्र गोवऱ्या आणि बाभळीच्या काटक्या. आईचे डोळे बारा महिने लाल. साऱ्या कॉलनीत संध्याकाळी शेणाचा धूर एकाच घरातून निघायचा, तो आमच्या.

त्याला कारण होतं. आप्पांचे वडील एका कोळशाच्या ठेकेदाराकडे राखणदार होते. एकदा गोण्या कमी भरल्या आणि ठपका त्यांच्यावर आला. त्यांनी घेतल्या नव्हत्या, पण ज्यानं घेतल्या तो मोठा होता. ठेकेदारानं त्यांना भर चौकात उभं करून काढून टाकलं. त्यानंतर ते कुणाच्या दारात गेले नाहीत, लग्नाला नाहीत की मयताला नाहीत, आणि दोन उन्हाळ्यांत खंगून गेले. आप्पा तेव्हा लहान होते, चौकात ते बापाचा हात धरून उभे होते. म्हणून आमच्या घरात रेल्वेचा खिळासुद्धा यायचा नाही असा दंडक होता. कपडे वाळत घालायला अख्ख्या कॉलनीत सिग्नलची चकचकीत तार, आमच्याकडं काथ्याची दोरी. रेल्वेची वस्तू घरात सापडली तर नोकरी जाते, क्वार्टर जातं, वर खटला होतो. पण आप्पांना त्याहून भीती होती ती चौकाची.

आता मजा बघा. जिथं सगळेच कोळसा आणतात तिथं न आणणारा माणूस लोकांना सरळ वाटत नाही. एकदा कॉलनीत अचानक झडती आली. पलंगाखालून, न्हाणीतून, एकाच्या तर पाळण्यातून कोळसा निघाला. आमच्या घरात काय निघणार, कपाळ? पण त्या दिवसापासून नळावर आई गेली की बायका गप्प व्हायच्या. खबर यांनीच दिली असणार, नाहीतर यांचंच घर कसं कोरडं राहिलं! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आप्पा साऱ्या जगावर संशय घेत होते, आणि जग त्यांच्यावर. हिशेब तसा सरळ होता, पण पाण्याची घागर आईला भरावी लागायची. एकटी शेजारची शेवंतामावशी तेवढी बोलायची, तीही नवरा घरी नसताना, कुंपणाआडून.

या सगळ्यात आईचं स्वतःचं म्हणून काय होतं, तर कोंबड्या. माहेरहून, कवठे येमाईहून, तिनं डालग्यातून आणलेल्या दोन तलंगांची ही प्रजा. करडी, कवडी, बोडक्या मानेची… मान वाकडी करून चालणाऱ्या एकीला ती 'मास्तरीण' म्हणायची. त्यांच्याशी बोलताना तिचा आवाज निराळा व्हायचा, हलका, माहेरचा. नळावर न बोललेलं सगळं ती परसात दाणे टाकताना बोलत असणार. म्हणून घारीनं एकाच दुपारी दोन पिल्लं नेली तेव्हा ती जेवलीच नाही.

"छप्पर पायजे," ती आप्पांना म्हणाली. "आख्ख्या परसावर नको, पेरूपासून न्हाणीपर्यंत. उन्हाळ्यात सावली, पावसाळ्यात कोरडं, आन् घारीचं त्वांड काळं."

"आणि पत्रा कुठला आणायचा?"

"कुठलाबी आना. लोकं आनत्यातच की."

आप्पांचा हात घासासकट ताटात थांबला. "लोकं आणतात तो आपल्याला चालत नाही."

"मंग इकत आना! न्हाईतर मला कवठ्याला धाडा कोंबड्यांसंगं!"

अखेर छप्पर करायचं ठरलं. स्वस्त, पण पक्कं, आणि आप्पांच्या अटीवर. लाकूड गावाकडचं, दोर गावाकडचे, खिळे बाजारातून, आणि करणारा माणूस घरचा. आईचा भाऊ, रंगामामा, गावाकडून कांद्याच्या ट्रकवर बसून आला. ट्रक कांदा उतरवायला मालधक्क्यावर गेला, म्हणून मामाच्या बाभळीच्या मेढीही तिथंच उतरल्या, आणि तिन्हीसांजेला मामा नि आप्पा त्या खांद्यावर घेऊन यार्डाच्या बाजूनं घरी आले. खिडक्याखिडक्यांतून लोकांनी ते बघितलं. मेढी मालधक्क्यावरून आल्या, एवढंच त्यांना दिसलं.

पत्र्याची युक्ती मामाची. दुष्काळी कामांवर रस्ते झाले होते, आणि डांबराची रिकामी पिंपं शिरूरच्या बाजारात मातीमोलानं विकली जात होती. मामानं ती येतानाच ट्रकवर टाकून आणली होती. छिन्नीनं वरचं नि खालचं झाकण काढायचं, अंगावर एक उभी चीर द्यायची, आणि पिंप विस्तवावर धरायचं, की आतलं उरलंसुरलं डांबर वितळून खाली घमेल्यात ठिबकतं. मग ते उलगडून जमिनीवर ठोकलं की झाला पत्रा. दोन दिवस आमच्या परसात ठणाठण चालली होती. त्या डांबराचा वास अजून माझ्या नाकात आहे — गोडसर, उष्ण, जरासा गुंगी आणणारा… नव्या रस्त्यावरून जाताना आजही मी गाडीची काच खाली घेते, आणि मुलगा म्हणतो, "आई, काय हे!"

मामानं मेढी रोवायच्या आधी त्यांची बुडं विस्तवावर भाजून काळी केली, वाळवी लागू नये म्हणून. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. त्या बेचक्यात आढं बसतं, आढ्यावर वासे, वाशांवर पत्रा. मामाच्या मेढी होत्या तशा, वाकड्यातिकड्या, गाठीगाठींच्या. आप्पांना ते बघवेना. रुळांच्या सरळ रेघांत जन्म गेलेला माणूस तो!

"रंगनाथ, जरा चौकोनी करून घे की. हे काय गुरांच्या गोठ्यासारखं!"

"दाजी, कोंबड्या काय गुन्या लावून बघनार हायती व्हय?"

पण दाजींचा शब्द. मामानं वाकसानं चारी अंगं तासली, वरची बेचकी तेवढी तशीच ठेवली. मग घमेल्यात डांबर उरलं. बुडाला लावायचं तेवढं लावून झालं, तरी उरलं. आता आमच्या घरात उरलेली वस्तू टाकून द्यायची पद्धत नव्हती. फुकट ते पौष्टिक. आई म्हणाली, "वरबी लावा, वाया कशाला घालवायचं!" आप्पाही म्हणाले, लावा. मामानं लुगड्याच्या चिंधीनं पार बेचक्याच्या खालपर्यंत डांबर फासलं. चौकोनी, काळ्याभोर, तुकतुकीत मेढी उभ्या राहिल्या. इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की त्या आता हुबेहूब कशासारख्या दिसताहेत.

वाखाच्या दोरांनी आढं करकचून बांधलं, पत्रे एकमेकांवर चढवले, खिळ्यांखाली फाटक्या चपलांच्या रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे भोकातून पाणी गळायचं नाही. उताराला, वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचा कूड. "वारा चोरावानी येतोय दाजी," मामा म्हणाला, "कडंनं आत शिरतोय आन् पत्रा उचलतोय. कडा तेवढ्या संभाळा." आणि पुढच्या ट्रकनं तो गावी गेला.

ते छप्पर म्हणजे आमच्या घरातली पहिली नवी वस्तू. दुपारी त्याच्या सावलीत कोंबड्या धुळीत खड्डे करून पसरायच्या, पत्रा तापून बारीक टिकटिकायचा, घारीची सावली यायची आणि वरच्या वर निघून जायची. आप्पा सुटीच्या दिवशी तिथं पोतं टाकून झोपायचे. झोपायच्या आधी मेढ हलवून बघायचे, हे सांगायला नको. पण एकदा मेढ हलवून झाल्यावर ते आईला म्हणाले, "झालं बरं का हे. स्वतःचं झालं." त्यांच्या तोंडून शाबासकी म्हणून मी ऐकलेलं तेवढंच एक वाक्य.

वैशाखात एका दुपारी वावटळ उठली. आप्पा ड्यूटीवर. यार्डातली राख, कोळशाची कणी, पाचोळा सगळं आभाळात. आणि मधल्या मेढीवरचा पत्रा फडाफडा आपटायला लागला. नवा वाख उन्हानं सैल पडला होता. आई स्टुलावर चढून दोन्ही हातांनी पत्रा धरून ओरडत होती, आणि शेवंतामावशी कुंपणाखालून वाकून धावत आली. मला त्यांनी आत कोंडलं. दाराच्या फटीतून धुळीशिवाय काही दिसलं नाही. वारं पडलं तेव्हा छप्पर जागच्या जागी होतं, मावशी गेली होती, आणि आईचे तळवे रक्ताळलेले होते. संध्याकाळी आप्पांनी मधली मेढ हलवली, पुन्हा हलवली. "वाखाचं काम पक्कं असतं," ते समाधानानं म्हणाले. आई भाकरी थापत राहिली.

कॉलनीत कुजबूज त्याआधीपासूनच चालू असावी. लोकांच्या शेगड्यांतला कोळसा लोकांना दिसत नव्हता, पण आमच्या परसातल्या काळ्या, चौकोनी मेढी सगळ्यांना दिसत होत्या. रुळांखालचे स्लीपर उभे चिरले तर कसे दिसतील? तसे. डांबराचा वाससुद्धा तोच. कुणीतरी कळवलं, आणि एका सकाळी रेल्वे पोलिसांचा जमादार दोन शिपाई घेऊन आमच्या परसात येऊन उभा राहिला. कुंपणावर माणसं गोळा झाली, पोरं पेरूवर चढली, मी न्हाणीच्या भिंतीवर. परसाचा चौक झाला.

जमादारानं काठीनं मेढ ठोकली. "हे काय आहे?"

"बाभळीच्या मेढी आहेत साहेब. मेव्हण्यानं गावाकडनं आणल्या."

"बाभूळ चौकोनी उगवते? डांबर लावून?"

कुंपणावर हशा पिकला. हसणाऱ्यांत एकाच्याही घरची चूल चोरीच्या कोळशाशिवाय पेटत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला त्या सगळ्यांना दगड मारावेसे वाटले. आजही वाटतात. आप्पा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांना ते माणसांचं कडं दिसत असेल, की त्या आधीचं, बापाचा हात धरून बघितलेलं… शिपायानं चाकूनं डांबर खरवडलं. आत लाल लाकूड. "स्लीपर पण लालच निघतो," गर्दीतून कुणीतरी आवाज दिला.

"मोजून घ्या सगळे," जमादार शिपायाला म्हणाला. "चला, चौकीवर चला."

तेव्हा आप्पांना सुचलं. "साहेब, स्लीपरला बेचकं असतं का? झाडाला असतं. वरती पत्र्याखाली बेचकी आहेत, वाशांआड खालून दिसत नाहीत. थांबा, पत्राच काढून दाखवतो."

"नगा!" आई ओरडली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. "नगा काढू पत्रं. आवं, घार… कोंबड्या हायेत खाली…" तिचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. आप्पा तिला म्हणाले, "सरक बाजूला," आणि पहार घेऊन शिडी चढले.

त्यांनी मधल्या मेढीवरचा पत्रा उचकटला. खिळे कर्रकर्र करत निघाले. पत्रा वर झाला, आप्पांनी आत बघितलं, आणि ते थांबले. फार वेळ नाही. इंजिननं एक शिट्टी द्यावी तेवढाच. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, आणि तो टॉवेल बेचक्यावर टाकला. "हे दबलंय साहेब," ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा नव्हता. "कडेचं बघा, कडेचं चांगलं दिसतंय." ते सरपटत कडेला गेले, तिथला पत्रा काढला. डांबर न पोचलेलं, पिवळट, दोन बोटं उघडल्यासारखं बेचकं उन्हात आलं, त्यात वाखाच्या दोरानं बांधलेलं आढं. जमादारानं मान वर करून बघितलं आणि तो खळखळून हसला. "है तो पेडच!" त्यानं चहा घेतला, छपराची तारीफ केली, असंच एक आपल्या घरी करायला मामाचा पत्ता विचारला. गर्दी चुकचुकत पांगली. आप्पांची नोकरी वाचली, इज्जत वाचली. आई न्हाणीच्या दगडावर बसून होती.

संध्याकाळी आप्पांनी पत्रे परत बसवले, एकट्यानं. मी भिंतीवरच होते; मला खाली उतर म्हणायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांनी टॉवेल उचलला. खाली वाखाच्या दोरावर पिळून पिळून, गाठीवर गाठ मारून बांधलेली तार होती. रेल्वेच्या सिग्नलची, चकचकीत, जिच्यावर साऱ्या कॉलनीचे कपडे वाळायचे ती. त्यांनी ती पकडीनं सोडवली, टॉवेलात गुंडाळली. सकाळी भाकरीच्या फडक्याबरोबर तो टॉवेल घेऊन ते ड्यूटीवर गेले, आणि परत आले तेव्हा टॉवेल नुसताच खांद्यावर होता. येताना बाजारातून त्यांनी विकतची तार आणली होती. ती त्यांनी मेढीला बांधली, मेढ हलवून बघितली नाही.

खबर कुणी दिली? मी आप्पांचीच लेक, इतकी वर्षं झाली तरी मनातल्या मनात तपास चालूच आहे. शेवंतामावशीचा नवरा असेल म्हणावं, तर त्याला तार ठाऊक असणार, मग जमादारानं तारेचं कसं नाही विचारलं? की मावशीनं त्याला सांगितलंच नसेल? की सांगितलं, आणि तार त्याच्याच घरातली म्हणून तो गप्प बसला? आता ती क्वार्टर्स पाडली, माणसं कुठं कुठं पांगली, बरीचशी गेली, तरी दौंडला कुणी जुनं भेटलं, "तुमच्या परसात ते छप्पर होतं ना!" म्हणालं, की मी त्याच्या डोळ्यांत बघते.

छप्पर पुढं पुष्कळ वर्षं टिकलं. घारीला पिल्लू मिळालं नाही, कोंबड्या वाढल्या, अंडी शेजारीपाजारी जायला लागली, नळावरच्या बायकाही हळूहळू बोलायला लागल्या. जमादार ज्याच्या घरी आला तो खबऱ्या कसा असेल, असा त्यांनी निवाडा केला असावा. आमच्या घरात मात्र जेवताना आवाज येईनासा झाला. आप्पा वाण्याशी भांडायचे, दूधवाल्याशी भांडायचे, मला शाळेतलं खोदून खोदून विचारायचे. आईला काही विचारत नसत. ती वाढायची ते खायचे, ती द्यायची ते घ्यायचे. तिच्याशी वागण्यात त्यांनी कधी खोट ठेवली नाही. आजारपणात तिचे पाय दाबले, लुगडं घेताना पोत बघून चांगलंच घेतलं. माझ्या लग्नात लोक म्हणाले, जोडा असावा तर असा, कधी शब्दाला शब्द नाही.

आप्पा गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. एका दुपारी दोघी शेंगा फोडत बसलो होतो, आणि मी इतक्या वर्षांनी विचारलं, "आई, ती तार कुणी दिली हे आप्पांनी तुला कधी विचारलं का गं?"

"न्हाई." तिनं शेंग फोडली, दाणे बाजूला केले. "मी वाट बघितली. आज इचारत्याल, उद्या इचारत्याल. सांगनार व्हते, की बाबा, वारं सुटलं व्हतं, वाख सैल पडला व्हता, शेवंतानं तार पुढं केली, मी बांधली. तुमचंच छप्पर वाचवाया बांधली. काय चार शिव्या द्यायच्या त्या द्या. पन त्यांनी इचारलंच न्हाई."

"अगं, मग चांगलंच झालं की. एरवी किती संशय घ्यायचे तुझ्यावर."

आईनं पुढ्यातली टरफलं गोळा केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"संशय घ्यायचे तवा बोलायचे तरी गं माझ्याशी."